खान्देशातील कौटुंबिक हिंसाचारग्रस्त महिलांसाठीच्या स्थानिक सेवा आणि सार्वजनिक निधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : आत्ता, या क्षणी धोका असेल तर काय करावे?

मारहाण चालू असेल किंवा घराबाहेर काढले असेल, तर ११२ वर पोलिसांना बोलवावे. महिलांसाठीची १८१ ही मदतवाहिनी चोवीस तास चालते आणि मोफत कायदेशीर साहाय्याची माहिती १५१०० वर मिळते. पुढील प्रश्नोत्तरे मुख्यतः जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील कार्यकर्ते, बचत गटांच्या सदस्या, सरपंच, वकील आणि पत्रकार यांच्यासाठी आहेत. म्हणजे ज्यांना ‘आपल्या तालुक्यात ही सेवा का नाही’ असा प्रश्न पडतो आणि तो कोणाला विचारावा हे ठाऊक नसते, त्यांच्यासाठी.

प्रश्न : नवरा-बायकोच्या भांडणावर सरकारी तिजोरीतून खर्च कशासाठी?

हा प्रश्न ग्रामसभेत हमखास येतो, म्हणून त्याचे उत्तर तयार ठेवावे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या कायद्याने संरक्षण अधिकारी, नोंदणीकृत सेवा पुरवठादार, आश्रयगृह आणि वैद्यकीय सुविधा अशी सगळी साखळी सांगितली आहे. ती उभी करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, कोणाचा उपकार नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर घडणाऱ्या गोष्टीला खासगी भांडण म्हणणे हिशेबालाही धरून नाही.

प्रश्न : या सेवांसाठी पैसा नेमका कोठून येतो?

एका ठिकाणाहून येत नाही, आणि निम्मी अडचण तेथेच आहे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी या निधीची अवस्था आहे. प्रत्येक तुकड्याचे लेखाशीर्ष वेगळे, मंजुरी देणारा वेगळा आणि हिशेब मागणारा वेगळा.

केंद्राचा मुख्य प्रवाह ‘मिशन शक्ती’ या महिलांसाठीच्या एकत्रित योजनेचा आहे. त्याच्या ‘संबल’ या भागात सखी वन स्टॉप सेंटर आणि १८१ मदतवाहिनी येते, आणि त्याचा संपूर्ण खर्च केंद्र सरकार निर्भया निधीतून करते. २०१३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांनी सुरू झालेला हाच तो निधी. ‘सामर्थ्य’ या दुसऱ्या भागात पूर्वीची स्वाधार गृहे (निराधार महिलांसाठीची) आणि उज्ज्वला गृहे (तस्करीतून सुटलेल्या महिलांसाठीची) एकत्र करून केलेले ‘शक्ती सदन’ हे निवासगृह येते. त्याच्या खर्चात महाराष्ट्रासारख्या राज्याने ४० टक्के वाटा उचलायचा असतो. हा राज्य हिस्सा वेळेवर पडला नाही, तर केंद्राचा पुढचा हप्ताही अडकतो. निवासगृह चालवणाऱ्या संस्थेला किराणा दुकानदाराकडे उधारी का करावी लागते, याचे कारण बहुतेक वेळा येथे सापडते.

राज्याचा पैसा महिला व बालविकास विभागामार्फत येतो. संरक्षण अधिकाऱ्यांचे वेतन, शासकीय महिला वसतिगृहे (जळगावचे आशादीप हे त्यांपैकी एक) आणि पोलीस यंत्रणेच्या आवारात बसणारे महिला व मुलांसाठीचे विशेष साहाय्य कक्ष हा राज्याचा खर्च आहे. या कक्षांचा उगम १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने सुरू केलेल्या प्रयोगात आहे. पुढे राज्याने तो स्वीकारून जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या बाईला खाकी नसलेला माणूस आधी भेटावा, एवढी साधी गोष्ट त्यामागे आहे. आमच्या मते या सगळ्या व्यवस्थेतला तो सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत उपयोगी भाग आहे.

तिसरा प्रवाह जिल्ह्यातच उगम पावतो. तो म्हणजे जिल्हा नियोजन समिती, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत आणि आदिवासी उपयोजना. स्थानिक माणसाचा शब्द चालतो तो येथेच, म्हणून पुढील बरेचसे प्रश्न याच प्रवाहाविषयी आहेत.

प्रश्न : सखी केंद्र तर जिल्ह्यात आहे. मग आणखी काय हवे?

१ एप्रिल २०१५ पासून सुरू झालेल्या या योजनेची मूळ रचना जिल्ह्याला एक केंद्र अशी आहे. वैद्यकीय मदत, पोलीस मदत, समुपदेशन, वकिलाचा सल्ला आणि पाच दिवसांपर्यंतचा तात्पुरता निवारा एका छताखाली मिळावा, हा तिचा हेतू आहे. हेतू उत्तमच आहे. प्रश्न अंतराचा आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर होती आणि तालुके १५ आहेत. चाळीसगावची बाई आणि रावेरची बाई एकाच केंद्रात कशी पोहोचणार? नंदुरबारमध्ये लोकसंख्या कमी, पण वाट अधिक अवघड. धडगावच्याही पलीकडच्या पाड्यावरून निघालेल्या बाईला आधी जीप मिळायला हवी, मग धडगावहून शहाद्याची किंवा तळोद्याची गाडी आणि तेथून नंदुरबार. कडेवर मूल, हातात पिशवी, आणि पिशवीत बहुधा आधारकार्डही नसते, कारण ते सासऱ्याच्या ट्रंकेत असते. केंद्रात पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. तिला पहिला प्रश्न ‘तुझे म्हणणे काय’ असा विचारला जातो, तो मराठीत. आणि ती बोलते पावरी किंवा भिली.

मिशन शक्तीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये विस्ताराने मोठ्या असलेल्या, महिलांवरील गुन्ह्यांचे प्रमाण जास्त असलेल्या आणि शक्यतो आकांक्षित (म्हणजे मागे पडलेले म्हणून केंद्राने विशेष लक्षासाठी निवडलेल्या) जिल्ह्यांना अतिरिक्त केंद्र देण्याची सोय आहे. नंदुरबार हा आकांक्षित जिल्हा आहे. जिल्हाधिकारी हे सखी केंद्राच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष असल्यामुळे, सातपुड्याच्या कुशीत असे केंद्र असावे याचा प्रस्ताव त्यांच्याच सहीने जातो. तो मागण्याची जागा जिल्हाधिकारी कार्यालय हीच आहे.

प्रश्न : जिल्हा परिषदेचा ‘दहा टक्के निधी’ म्हणजे काय?

जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणाच्या योजनांवर खर्च करायची असते. ग्रामपंचायतीलाही स्वउत्पन्नातील १० टक्के रकमेबाबत तेच बंधन आहे. या योजनांच्या यादीत तालुका स्तरावर समुपदेशन केंद्र चालवणे हा प्रकार बसतो, आणि संस्थांमार्फत अशी केंद्रे चालवलीही जातात. मात्र त्याच यादीत शिलाई मशीन, सायकली, पिठाच्या गिरण्या आणि प्रशिक्षणेही असतात. शिलाई मशीन वाटपाचा फोटो निघतो. समुपदेशकाच्या मानधनाचा निघत नाही. म्हणून यादीत दोन्ही असली, तरी रक्कम कोणत्या बाजूला झुकते हे सांगण्याची गरज नाही.

जिल्हा परिषदेत निवडून आलेले सदस्य असतात तेव्हा हा निर्णय महिला व बालकल्याण समिती घेते. सदस्यांची मुदत संपून प्रशासक येतो, जसा जळगावात मार्च २०२२ मध्ये आला, तेव्हा मुख्य कार्यकारी अधिकारीच निर्णय घेतात. अशा काळात सभापतीचा दरवाजा ठोठावण्यात अर्थ नसतो. निवेदन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे द्यावे आणि त्याची प्रत महिला व बालकल्याण विभागाच्या उपमुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्यावी.

प्रश्न : जिल्हा नियोजन समितीकडून काही मिळू शकते का?

मिळू शकते, आणि रक्कम या स्तरावर सर्वांत मोठी असते. राज्य शासनाने २०२१ मध्ये जिल्हा वार्षिक योजनेच्या निधीपैकी ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवण्याचा निर्णय घेतला. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, कामकाज जिल्हा नियोजन अधिकारी पाहतात आणि प्रस्ताव जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांमार्फत येतो. अडचण अशी की, या निधीचा स्वाभाविक ओढा बांधकामाकडे असतो. अंगणवाडीची खोली, महिला व बालविकास भवन, फर्निचर, संगणक यांना मंजुरी सहज मिळते. दरमहा द्यावे लागणारे मानधन ‘आवर्ती खर्च’ म्हणून बाजूला पडते. हिंसाचारग्रस्त महिलेला मात्र इमारतीपेक्षा इमारतीत बसणारी व्यक्ती हवी असते. समुपदेशक, पावरी किंवा अहिराणी बोलणारी साहाय्यक, रात्री गाडी पाठवण्याची सोय आणि दवाखान्यात सोबत जाणारी कार्यकर्ती, हा सगळा माणसांवरचा खर्च आहे. ‘नावीन्यपूर्ण योजना’ या शीर्षाखाली असा खर्च मर्यादित काळासाठी मागता येतो. तो मिळाल्यास पुढील वर्षी तो कोणी उचलायचा, हेही त्याच प्रस्तावात लिहावे. अन्यथा एक वर्ष चाललेले केंद्र बंद पडते आणि बंद पडलेल्या केंद्राने तयार झालेला अविश्वास पुढची दहा वर्षे पुरतो.

प्रश्न : आदिवासी उपयोजनेतून किंवा पेसा निधीतून हे काम होईल का?

खान्देशात या प्रश्नाला मोठे महत्त्व आहे, कारण अक्कलकुवा, अक्राणी (धडगाव), तळोदा, नवापूर हे तालुके आणि साक्री, शिरपूर, शहादा, चोपडा, यावल, रावेर येथील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट पेसा (अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींच्या खात्यात जमा होतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. शासन निर्णयातील शीर्षांमध्ये हिंसाचारग्रस्त महिलांसाठीची सेवा असे वेगळे शीर्ष नाही. आरोग्य आणि शिक्षण आहे. गावातील महिलांच्या मानसिक आरोग्यासाठीचे समुपदेशन, जखमी महिलेला दवाखान्यात नेण्याचा खर्च या गोष्टी आरोग्याच्या शीर्षाखाली मांडता येतात, असे आमचे मत आहे. तरीही लेखापरीक्षणात हरकत येऊ नये म्हणून ठरावातील शब्द आरोग्याच्या अंगानेच लिहिलेले बरे. तळोदा, नंदुरबार, धुळे आणि यावल येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांकडेही स्वतंत्र प्रस्ताव देता येतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. सातपुड्यात अनेक भांडणे गावपंचांपुढे मिटतात आणि कित्येकदा ती बरी मिटतात. पण एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, तेव्हा पंच आणि मारणारे यांच्यात फारसे अंतर उरत नाही. अशा वेळी गावाबाहेरची, पगारी आणि कोणाच्या मिंधेपणात नसलेली यंत्रणा लागते. ती ग्रामसभेच्या निधीतून उभी राहणार नाही, कारण तिला ग्रामसभेपासूनच अंतर हवे असते. ती राज्याच्या निधीतूनच यायला हवी.

प्रश्न : आमदार निधी, खासदार निधी?

हे निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतात. खोली, संरक्षक भिंत, कूपनलिका मागावी. मानधन मागून वेळ दवडू नये.

प्रश्न : पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचे काय?

पंधराव्या वित्त आयोगाच्या (मार्च २०२६ पर्यंतच्या) अबंध, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेल्या, अनुदानातून आस्थापनेवर किंवा वेतनावर खर्च करता येत नाही. तथापि, ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या नऊ संकल्पनांपैकी ‘महिला स्नेही गाव’ ही एक असल्यामुळे विषय आराखड्यात नोंदवून ठेवण्याचा फायदा आहे. आराखड्यात नसलेली गोष्ट पुढे ग्रामपंचायतीच्या निधीतून मागणे अवघड जाते.

प्रश्न : मागणी केव्हा करावी?

फेब्रुवारीत निवेदन घेऊन जाणे म्हणजे वरातीमागून घोडे. ग्रामपंचायत आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणे बंधनकारक आहे. जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा साधारण दिवाळीनंतर आकार घेतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत राज्यस्तरीय बैठकीपुढे जातो. जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक मार्चमध्ये मांडले जाते. थोडक्यात, कपाशीच्या वेचणीच्या धामधुमीतच हे काम उरकावे लागते. आणखी एक अडचण अशी की, त्याच सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला निघून जातात, त्यामुळे ज्या बायकांचे म्हणणे सभेत यायला हवे त्याच सभेत नसतात. त्यांचे म्हणणे आधीच लिहून घेऊन महिला सभेपुढे वाचून दाखवावे.

मार्चअखेरीस अखर्चित रक्कम वळवण्याची घाई होते, तेव्हा तयार प्रस्ताव हाती असलेल्याला कधीकधी पैसा मिळून जातो. त्या आशेवर योजना आखू नये. पण कागद तयार असायला हरकत नाही.

प्रश्न : मागणीपत्रात काय लिहावे?

‘महिलांवरील अन्याय वाढत आहेत, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ अशा निवेदनावर ‘योग्य ती कार्यवाही’ एवढाच शेरा पडतो. त्याऐवजी खर्चाचा तक्ता द्यावा. तालुक्यात समुपदेशन केंद्र हवे असेल, तर समुपदेशक किती, मानधन किती, बारा महिन्यांचे किती, प्रवासखर्च, फोन, कपाटाला कुलूप, खोलीचे भाडे अशा ओळी वेगवेगळ्या लिहाव्यात. कुलूप लिहायला विसरू नये. तक्रारींच्या नोंदवह्या उघड्या टेबलावर पडलेल्या असतात आणि गावातला कोणीही ओळखीचा माणूस त्या चाळू शकतो, हे अनेक कार्यालयांत दिसते.

गरज दाखवण्यासाठी आकडे द्यावेत, पण नावे कधीही देऊ नयेत. सखी केंद्र, विशेष साहाय्य कक्ष आणि संरक्षण अधिकारी यांच्याकडे आलेल्या प्रकरणांची तालुकावार संख्या माहितीच्या अधिकारात मागता येते. एखाद्या तालुक्याची संख्या फारच कमी निघाली, तर तेथे हिंसा कमी आहे असा निष्कर्ष अधिकारी काढतील. त्यावर तयार राहावे. वर उल्लेखिलेल्याच सर्वेक्षणानुसार देशात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या स्त्रिया सुमारे १४ टक्केच होत्या. तक्रार नोंदवायला जागाच नसेल, तर नोंदवहीत शून्यच दिसणार.

प्रश्न : संरक्षण अधिकारी तालुक्यात भेटत नाहीत. त्यांच्याकडे कोणती कामे असतात?

घरगुती घटना अहवाल तयार करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे, महिलेला आश्रयगृह व वैद्यकीय तपासणी मिळवून देणे, मोफत वकील मिळतो याची खात्री करणे आणि न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी पाहणे ही त्यांची मुख्य कामे आहेत. कायद्यानुसार अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत आणि निकाल पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत लागावा अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ते साधत नाही, त्याचे एक कारण असे की एकाच अधिकाऱ्याकडे इतर कामांचाही भार असतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा आणि तालुका स्तरावर संरक्षण अधिकारी नियुक्त करण्याचे निर्देश राज्यांना दिले आहेत; मागणीपत्रात त्यांचा उल्लेख जरूर करावा. पदनिर्मितीसोबत प्रवासभत्त्याची तरतूद मागितली नाही, तर अधिकारी कागदोपत्री तालुक्याचा आणि प्रत्यक्षात जिल्ह्याच्या ठिकाणचा राहतो.

प्रश्न : पीडित महिलेच्या हातात सरकारी पैसा पडतो का?

येथे बराच गैरसमज आहे. कायद्याच्या कलम २० खाली न्यायालय जो खर्च मंजूर करते, तो पती किंवा सासरच्या प्रतिवादीने द्यायचा असतो, सरकारने नव्हे. मनोधैर्य योजना बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला यांसाठी आहे; नेहमीच्या कौटुंबिक मारहाणीला ती लागू होत नाही.

परित्यक्ता किंवा घटस्फोटित महिलेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात, पण कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून प्रत्येकी दरमहा २,२५० रुपये मिळण्याची तरतूद आहे. दोन्हींसाठी कागदपत्रे लागतात आणि रेशनकार्डावरचे नाव बहुधा सासरीच असते. म्हणून तलाठी आणि पुरवठा शाखेकडे सोबत जाणारी कार्यकर्ती ही सुद्धा एक सेवाच आहे, आणि तिचाही खर्च प्रस्तावात धरायला हवा. वकिलाचा खर्च मात्र कोणत्याही महिलेला करावा लागू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

प्रश्न : सासर सुरतेला, माहेर अमळनेरला. खान्देशातील सेवा मिळेल का?

होय. कलम २७ नुसार महिला तात्पुरती जेथे राहते तेथील न्यायालयातही अर्ज चालतो. सुरतेतील उधना-लिंबायत भागात खान्देशी कुटुंबे मोठ्या संख्येने असल्यामुळे अशी प्रकरणे येथे नेहमी येतात. ‘तुमचा पत्ता गुजरातचा आहे’ असे सांगून कोणी परत पाठवत असेल, तर नकार लेखी मागावा.

प्रश्न : आमच्या संस्थेला या निधीतून काम करता येईल का?

कायद्याखाली सेवा पुरवठादार म्हणून नोंदणी करायची असल्यास संस्था नोंदणीकृत असावी आणि अर्जापूर्वी किमान तीन वर्षे तिने याच क्षेत्रात काम केलेले असावे. नोंदणी म्हणजे अनुदान नव्हे, हे आधीच समजून घ्यावे. अनुदान मिळाल्यानंतरचे खरे ओझे म्हणजे हप्ते. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) सादर झाल्याशिवाय दुसरा हप्ता निघत नाही, आणि मानधन तोपर्यंत थांबून राहते. तीन-चार महिन्यांचे मानधन स्वतःच्या खात्यातून देण्याची ताकद नसलेल्या लहान संस्थेने एखाद्या मोठ्या संस्थेसोबत भागीदारीत प्रस्ताव द्यावा.

प्रश्न : निधी आला की नाही, हे कसे समजेल?

राज्याकडून वितरित झालेली रक्कम बीम्स या संगणक प्रणालीत दिसते. त्यापलीकडचा तपशील माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागावा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. ‘किती निधी आला’ एवढेच विचारू नये. मंजूर तरतूद किती, वितरित किती, खर्च किती, किती रक्कम परत गेली आणि समुपदेशकाचे पद किती महिने रिक्त होते, हे पाच प्रश्न वेगवेगळे विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हाती आले, की आधीच्या चारांचा अर्थ आपोआप लागतो. अर्जात कोणत्याही महिलेचे नाव, गाव किंवा प्रकरण क्रमांक लिहू नये. लहान गावात वय आणि तारीख एवढ्यावरूनही ती कोण हे ओळखले जाते.